रेंज नसल्याचा दाखला

ज्या घरात सगळ्यांचे मोबाईल एकाच कंपनीचे असतात, त्या घरात कोणीतरी एक कर्ता माणूस असतो. ज्या घरात चार कंपन्यांचे असतात, तिथे लोकशाही असते. आणि ज्या घरात चारही कंपन्यांची रेंज येत नाही, तिथे लग्नाचा मुलगा असतो. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो आहे. एका सरकारी कार्यालयात (नाव सांगत नाही, पेन्शन चालू आहे) मी आयुष्यभर तुलनात्मक तक्ते करण्याचं काम केलं. म्हणजे तीन दुकानदारांची कोटेशनं मागवायची, उभ्या-आडव्या रेघा मारायच्या, आणि साहेबांनी ज्याच्याकडे आधीच चहा घेतला आहे तोच सगळ्यात स्वस्त कसा, हे रकान्यांतून सिद्ध करायचं. आधी तुलना करावी आणि मग निवड, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. आमच्याकडे निवड आधी व्हायची. तुलना मागाहून यायची, फायलीत लावायला.

सध्या मी अमरावतीला राजापेठेत राहतो. तिथे माझ्या मोबाईल कंपनीला फुल्ल रेंज आहे. संध्याकाळी ट्यूशन क्लास सुटले की पोरांच्या गाड्यांनी रस्ता असा गच्च होतो की माणूस समोरच्या मेडिकलपर्यंत पोचत नाही. फोन मात्र पोचतो. त्यामुळे माझी कंपनी देशात पहिली आहे, असं माझं ठाम मत होतं. राजापेठेच्या बाहेर तिची चौकशी करण्याची मला कधी गरज पडली नव्हती.

ती गरज माझा भाचा अश्विन याच्यामुळे पडली.

अश्विन दर्यापूर तालुक्यात कृषी सहायक आहे. गावात (गावाचं नाव देत नाही, कारण पुढे कळेल) स्वतःचं स्लॅबचं घर आहे, एक म्हैस आहे, आई-वडील चालते-फिरते आहेत. पोरगा दारू पीत नाही. तंबाखू-सुपारीचा खर्राही खात नाही, आणि ही गोष्ट आमच्या वऱ्हाडात पदव्युत्तर पदवीच्या बरोबरीची समजली जाते. असा मुलगा एकतिशीला आला तरी बिनलग्नाचा, कारण घरात रेंज नाही.

एकदा नाही, तीनदा नकार आला. पहिल्या स्थळाच्या वेळी मुलीच्या भावाने चहाचा कप हातात घेतला, दुसऱ्या हाताने मोबाईल छताला ओवाळला, तसाच ओवाळत ओसरीत गेला, तिथून गल्लीत गेला आणि परत आला नाही. दुसऱ्या स्थळाच्या पाहुण्यांचं लोकेशन अर्ध्या रस्त्यात बंद पडलं. ते चुकून शेजारच्या गावात शिरले आणि आलोच आहोत म्हणून तिथेच सोयरीक जमवून परत गेले. तिसऱ्या मुलीने आपला निर्णय स्वतः फोन करून कळवला. पण "माझा निर्णय" एवढं ऐकू आलं आणि फोन कटला. ती हो म्हणाली की नाही म्हणाली, हे आजतागायत समजलेलं नाही. (तिला आता दोन मुलं आहेत. बहुधा नाहीच म्हणाली असावी.)

माझी बहीण सुंदराबाई रडकुंडीला आली. म्हणाली, "दादा, माया पोराचं काई तरी कर बावा. एवढ्या चांगल्या पोट्ट्याले रेंजपायी बायको भेटून नाही राह्यली."

इथे थोडा इतिहास सांगणं आवश्यक आहे. आमचा हा भाग खारपाण पट्ट्यात येतो. विहिरीचं पाणी खारं, डाळ शिजत नाही, म्हणून पूर्वी लोक इकडे मुली द्यायला कचरत. आता पाणी कॅनमधून येतं, त्यामुळे पाण्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. रेंज कॅनमधून येत नाही. विकास होतो म्हणजे नकार थांबत नाहीत, नकाराचं कारण सुधारतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा उमगलं.

चौथं स्थळ अकोल्याचं आलं. मुलगी पायल, राजापेठेतल्याच एका लॅबमध्ये रक्त तपासणीचं काम करते, होस्टेलवर राहते. वडील श्रावणजी, मितभाषी. (लग्नाला तीस वर्षं झाली आहेत.) आई भावनाताई. त्यांनी फोनवरच सांगितलं, "हुंडा नाही, मानपान नाही, काईच नाही पाहिजे आमाले. फक्त पोरीले फोन लागला पाहिजे. मी रोज बोलते पोरीसंग. रविवारी येऊन पाहू, अन् टावर असंल तं तिथंच हो म्हणून टाकू."

इतकी साधी, इतकी निःस्वार्थी मागणी ऐकून मला भरून आलं. मी त्याच दिवशी दर्यापूरची बस धरली आणि घरातल्या रेंजचा तुलनात्मक तक्ता करण्याचं काम स्वतःकडे घेतलं. अध्यक्ष मी, सदस्य मी, सचिव अश्विन. तांत्रिक सल्लागार म्हणून दर्यापूरचा मोबाईल दुकानदार शाकीब याला घेतलं, कारण तो चारही कंपन्यांची सिमकार्डं विकतो. ज्या आठवड्यात जी कंपनी त्याला विक्रीवर थर्मास देते, त्या आठवड्यात तीच कंपनी त्याला चांगली वाटते. पण त्याच्या घरात चारही कंपन्यांचे थर्मास असल्यामुळे तो निःपक्षपाती आहे.

शाकीबने आम्हाला आपल्या फोनवर चारही कंपन्यांचे कव्हरेजचे नकाशे दाखवले. चारही नकाशांत आमचं गाव पूर्ण रंगवलेलं होतं. एका कंपनीने तर पूर्णा नदीच्या डोहातही फुल्ल रेंज दाखवली होती, बहुधा मासोळ्यांची सोय म्हणून. मी विचारलं, "शाकीब, अरे मंग आमच्या घरात काहून येत नाही?"

"मामाजी," तो शांतपणे म्हणाला, "नकाशा मतलब बायोडाटा. बायोडाट्यात कोनी लिहिते का, पोरगा घोरते म्हणून?"

तेव्हा प्रत्यक्ष स्थळपाहणी करण्यात आली. सदर पाहणीत घराचे ओसरी, बैठक, स्वयंपाकघर, न्हाणी, स्लॅब आणि कोठा (म्हणजे म्हैस बांधायची जागा) असे सहा भाग पाडले. प्रत्येक भागात प्रत्येक कंपनीच्या रेंजच्या दांड्या मोजल्या. निष्कर्ष असे:

१. पुंजारामजींची (म्हणजे माझ्या मेहुण्यांची) कंपनी: कोठ्यात, म्हशीच्या गव्हाणीजवळ, चार दांड्या. अन्यत्र शून्य.

२. सुंदराबाईची कंपनी: स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याजवळ. झाकण उघडं असताना दोन, बंद असताना एक. (कारण तपासलेलं नाही. डबा मात्र दिवसभर उघडाच असतो.)

३. अश्विनची कंपनी: फक्त स्लॅबवर, पाण्याच्या टाकीला पाठ टेकून, तोंड दर्यापूरकडे करून तीन.

४. माझी कंपनी: निरंक.

चौथ्या निकालाने मला धक्का बसला. राजापेठेत फुल्ल चालणारी कंपनी इथे एक दांडी दाखवीना! हवामानाचा दोष असावा म्हणून मी फोन बंद-चालू केला, सिम काढून शर्टाला पुसलं, फोन घेऊन भर दुपारी स्लॅबवर उभा राहिलो. निरंक. शेवटी तपासणी अधिकाऱ्याचा स्वतःचा फोन स्पर्धेत घेणं नियमाला धरून नाही, या कारणास्तव मी ती ओळ खोडून टाकली.

पाहणीत आणखी एक बाब उघड झाली. या घरात नवरा दिवसभर कोठ्यात असतो, बायको पिठाच्या डब्यापाशी असते आणि पोरगा स्लॅबवर. तिघंही जगाच्या संपर्कात असतात, त्यामुळे एकमेकांना दिसत नाहीत. जेवायला या म्हणून सुंदराबाई डब्याजवळून फोन लावते आणि तो दोघांनाही लागतो. कुटुंबात भांडण नसण्याचं हे कारण समाजशास्त्राने नोंदवून ठेवायला हरकत नाही.

आता मुख्य प्रश्न, भावनाताईंची कंपनी कोणती? आमच्या आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला आणि घरातून जात काढून टाकली. पण सोयरीक म्हटली की माणसाला काहीतरी विचारल्याशिवाय चैन पडत नाही. जुने लोक कूळ विचारत, आम्ही कंपनी विचारतो. फरक एवढाच की कंपनी पोर्ट करता येते. भावनाताईंचा नंबर होताच. शाकीबने रिचार्ज करायचं नाटक करून तो टाकला, की लगेच कंपनीचं नाव आलं. पुंजारामजींचीच कंपनी! सुंदराबाईने हात जोडले. त्या कंपनीची रेंज कोठ्यात होती, म्हणजे ठरलं. पाहण्याचा कार्यक्रम कोठ्यात होईल, असा ठराव मी मांडला आणि मीच एकमताने मंजूर केला.

पुंजारामजींनी एकच शंका काढली. "मंग म्हशीले कुठं नेऊ?"

"ओसरीत."

"अन् पाहुणे कोठ्यात?"

"हो."

त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "चालते. म्हशीले कोनाले फोन नाही लावा लागत."

दोन दिवसांत कोठ्याचा कायापालट झाला. चुना मारला, शेण हटवलं, सतरंजी टाकली, विहारातून खुर्च्या आणल्या, उदबत्तीचा एक पुडा संपवला. गव्हाणीवर धुतलेली चादर पसरली. सुंदराबाईने तिथे प्लास्टिकच्या फुलांची कुंडी ठेवली. ती म्हशीने ओसरीतून दोर ताणून खाल्ली, पण ऐनवेळी दुसरी मिळाली.

रविवारी पाहुणे आले, पायलसकट. श्रावणजी चपला काढायला ओसरीत गेले आणि म्हैस पाहून थबकले. म्हैसही थबकली. मी पुढे होऊन सगळ्यांना कोठ्याकडे वळवलं. भावनाताईंच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"आमाले कोठ्यात काहून बसवून राह्यले तुमी?"

"ताई," मी म्हणालो, "एकदा मोबाईल पाहा."

त्यांनी पर्समधून मोबाईल काढला. चार दांड्या! कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या. "बसा हो तुमी," त्या नवऱ्याला म्हणाल्या आणि स्वतः गव्हाणीच्या काठावर, चादरीवर, समाधानाने टेकल्या. बैठकीतला नवा सोफा रिकामा पडला होता, पण त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

पोहे झाले. मुलगा काय करतो, किती शिकला, हे कोणी विचारलं नाही. भावनाताई म्हणाल्या, "एकडाव लावून पाह्यते." त्यांनी आपल्या आईला, गोदाबाईंना, अकोल्याला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. पहिल्या घंटीलाच फोन उचलला गेला.

"हालो, कोन?"

"आई, मी भावना."

"कोन भावना?"

"अवं, तुई भावना!"

मग गोदाबाई म्हणाल्या, "माय वं! दिवाळीपासून लावून राह्यली मी तुले फोन. तू तं म्हणत होती, तुया घरात रेंजच नाही राहत?"

भावनाताईंनी घाईने स्पीकर बंद केला. श्रावणजी वर टिनाच्या छताकडे पाहू लागले. मी मात्र मनातल्या मनात नोंद घेतली. माय-लेकी दोघी अकोल्यातच राहतात, लेक जठारपेठेत, माय डाबकी रोडला, ऑटोने गेलं तर एक चहा थंड होईल एवढं अंतर. जो फोन अकोल्यातून अकोल्यात दिवाळीपासून लागत नव्हता, तो आमच्या कोठ्यातून पहिल्या घंटीला लागला! याचा अर्थ आमच्या कोठ्याची रेंज अकोला शहरापेक्षा सरस आहे. दुसरा कोणताही अर्थ माझ्या तक्त्यात बसत नव्हता.

"पास!" भावनाताई म्हणाल्या. सुंदराबाईने पदराने डोळे पुसले. रीतीप्रमाणे मुला-मुलीला दोन शब्द बोलायला स्लॅबवर पाठवण्यात आलं. मी अश्विनला आधीच पढवून ठेवलं होतं: पोरगी शिकलेली आहे, इकडचं तिकडचं बोलू नको, आपली जमेची बाजू मांड.

थोड्या वेळाने दोघं खाली आली. पोरीचा चेहरा उतरला होता. आईजवळ जाऊन ती हळू म्हणाली, "आई, मले नाही पटत इथं."

पुंजारामजी म्हणाले, "पाण्यामुळं का? कॅन येते आता, बाई." भावनाताई तर चवताळल्याच. "अवं पोरी, चार दांड्या हाये इथं! चार! असं घर दिवा घेऊन शोधलं तरी भेटत नाही."

मी अश्विनला म्हशीच्या आड घेतलं. "काय बोलला रे तू तिले?"

"तुमी सांगतलं तेच," तो रडवेला झाला होता. "म्हटलं, कोठ्यात चार येते, पिठाच्या डब्याजवळ दोन, इथं टाकीजवळ तीन, घरात कुठंबी असली तरी तुले फोन लागंलच. इतकं म्हटलं अन् ते गुमसुमच झाली. मामाजी, मले पोरगी लय पटली हो. काई तरी करा ना."

पायल नळावर हात धूत होती. मी जवळ गेलो. "पोरी, काय कमी हाये आमच्यात? पोरगा पटला नाही का?"

"पोरगा चांगला हाये, मामाजी. कमी काईच नाही. तेच तं लफडं हाये."

मग तिने सांगितलं. आईचा फोन सकाळी उठली का म्हणून येतो, मग आंघोळ झाली का, डब्यात भाजी कोणती, भाजीत मीठ कसं, लॅबमध्ये पोचली का, पंख्याखाली बसली आहेस की नाही. "परवा एका आजोबाचं रक्त घेऊन राह्यली होती मी. सुई हातात, अन् आईचा व्हिडिओ कॉल. म्हणे दाखव, कोनाचं घेऊन राह्यली. आजोबाबी म्हणे, दाखव पोरी, माय हाये तुई. आमचं माय-लेकीचं काई भांडण नाही, मामाजी. मले फक्त दिवसातून एखादा घंटा असा पाहिजे, का ज्यात मी कुठं हावो, हे कोनालेच ठाऊक नसंल." तिने नळ बंद केला. "माई मैत्रीण म्हणे, त्या गावात कुत्र्यालेबी टावर नाही. म्हणून तं मी या स्थळाले हो म्हणली होती. अन् तुमी सगळीकडं रेंज आणून ठेवली!"

उभ्या नोकरीत काम वेळेत पूर्ण केल्यामुळे कोणाचं वाटोळं झाल्याचं हे पहिलंच उदाहरण. भाच्याचं लग्न मी माझ्या हाताने, रकाने आखून मोडलं होतं.

आणि तेव्हा मला माझी खोडलेली ओळ आठवली.

मी खिशातून माझा मोबाईल काढून तिच्या हातात दिला. "हे पाहा, पोरी. माझी कंपनी."

तिने स्क्रीन पाहिली. फोन घेऊन ती ओसरीत गेली, बैठकीत गेली, पिठाच्या डब्याजवळ झाकण उघडून आणि लावून उभी राहिली, स्लॅबवर जाऊन टाकीला टेकली. निरंक! खाली आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे तेज होतं, ते मी कुठल्याच कंपनीच्या जाहिरातीत पाहिलेलं नाही. "मामाजी, कोनती कंपनी हाये हे?" तिने विचारलं. मी नाव सांगितलं. माझ्या कंपनीबद्दल मला इतका अभिमान राजापेठेतही कधी वाटला नव्हता.

पुढची व्यवस्था आम्ही नळावरच ठरवली. पायल लग्नानंतर माझ्या कंपनीचं सिम वापरेल. आईला ठाऊक असलेला जुना नंबर पुंजारामजींच्या कंपनीत पोर्ट करून, एका बटनाच्या मोबाईलमध्ये टाकून कोठ्यात खुंटीला टांगण्यात येईल. भावनाताईंची अट "फोन लागला पाहिजे" अशी होती. फोन लागेल. लागल्यावर पोरगीच बोलली पाहिजे, असं अटीत नमूद नव्हतं. हजारो कामं मी अशीच पूर्ण झालेली पाहिली आहेत, आणि त्यांची बिलंही निघाली आहेत.

"आई, जमते मले," पायल कोठ्यात जाऊन म्हणाली.

"आता कसं काय जमते?"

"रेंज पाह्यली," ती म्हणाली.

उन्हाळ्यात विहारात लग्न झालं. म्हैस कोठ्यात परतली. तिच्या डोक्यावर खुंटीला मोबाईल लागला. भावनाताईंचा फोन सकाळी उजाडताच येतो आणि पुंजारामजी तो उचलतात. सूनबाई आंगोयीले गेली. सूनबाई दोरीवर कपडे वायू घालून राह्यली. सूनबाई आत्ताच इथं होती, कुठं गेली कोन जाने. पण माणूस उचललेल्या फोनवर किती वेळ खोटं बोलणार? मग म्हशीवर विषय येतो. पुंजारामजींना आजवर सुंदराबाई आणि कंपनीची रेकॉर्ड केलेली बाई यांच्याशिवाय कोणाचा फोन येत नसे, त्यामुळे ते फुलून गेले आहेत. म्हैस किती दूध देते, सरकी पेंड कितीला झाली, कोणत्या पायाने लंगडते, हे आज अकोल्यात भावनाताईंइतकं कोणालाच माहीत नाही.

महिनाभराने त्यांनी मला फोन केला. "भाऊ, फोन तं लागते हो. पोरगी लागत नाही."

कव्हरेजमध्ये पोरीचा अंतर्भाव होत नाही, असं मी त्यांना नम्रपणे कळवलं. दर रविवारी पायल स्लॅबवर जाते, अश्विनच्या फोनवरून आपणहून आईला लावते आणि दोघी टाकी भरून वाहेपर्यंत बोलतात, खिदळतात. हे मी तक्त्यात दाखवलेलं नाही. त्यासाठी रकाना नाही.

इथे ही कथा संपायला हवी होती. पण उरलेल्या सहा दिवसांत भावनाताईंनी करावं काय? फोनची सवय अशी अंगातून जात नसते. कोठ्यात करून उरलेले सगळे फोन त्यांनी डाबकी रोडकडे वळवले. आणि एके दुपारी अकोल्याच्या बसने गोदाबाई राजापेठेत, माझ्या दारात!

"भाऊ, पायलनं सांगतलं म्हणून आली. तुमची ते कंपनी कोनती हो, जे कुठंच लागत नाही?"

"का हो आजी? आता तर लेक रोज फोन करते म्हणे."

"रोज? अवो, घडीघडी! बीपीची गोयी घेतली का, पंखा बंद केला का, दार लावलं का, लावलं तं दाखव." त्या खुर्चीत बसल्या आणि पदराने वारा घेऊ लागल्या. "दिवाळीपासून वाट पाहून राह्यली होती मी तिच्या फोनची. पन एवढी नव्हती पाहून राह्यली."

मला त्यांना सांगावं लागलं की माझी कंपनी अकोल्यात फुल्ल आहे. चारही कंपन्या फुल्ल आहेत. म्हातारी इतकी खचली की माझ्यातला कर्मचारी जागा झाला. खेड्यातल्या माणसाला निसर्गाने जे दिलं आहे, ते शहरातल्या माणसाला शासनाने, किंवा निदान शासनाच्या निवृत्त कर्मचाऱ्याने, पुरवलं पाहिजे. मी कागद घेतला आणि लिहिलं: "दाखला देण्यात येतो की, श्रीमती गोदाबाई यांच्या राहत्या घरी दुपारी जेवणानंतर ते चहापर्यंत कोणत्याही कंपनीची रेंज नसते. प्रत्यक्ष पाहणी केली. सबब दाखला दिला असे." सही केली. निवृत्तीच्या दिवशी चुकून खिशात आलेला शिक्का मारला.

गोदाबाईंनी तो लेकीला दाखवला. भावनाताईंनी वाचला, पुन्हा वाचला, आणि एका शब्दाने वाद घातला नाही. रेंज नसते म्हणजे काय, हे त्यांना दिवाळीपासून माहीत होतं. आता दुपारी गोदाबाई झोपतात, आणि उठल्यावर लेकीला स्वतःच फोन लावतात, असं ऐकतो.

तेव्हापासून राजापेठेत माझ्याकडे रीघ आहे. लोक येतात आणि आधी मोठ्याने विचारतात, "साहेब, सगळीकडं रेंज येते अशी कंपनी कोनती?" मी तक्ता दाखवतो. ते मान डोलवतात, चहा घेतात, जातात. मग फाटकापासून परत येतात, खुर्ची जवळ ओढतात आणि हळू आवाजात विचारतात, "अन् अमुक ठिकाणी येत नाही अशी?" आजवरच्या अर्जदारांत साहेबाला टाळणारे थोडे निघाले, साहेबाचा फोन लोक झोपेतही उचलतात. हप्तेवाल्यांना टाळणारे त्याहून थोडे. सगळ्यात मोठा गट कोणाला टाळणारा निघाला, ते सांगत नाही. (दर्यापूर तालुक्यातल्या त्या गावाचं नाव मी का देत नाही, तेही आता लक्षात आलं असेल. तिथे भाड्याने खोल्या शोधत फिरणारे शहरी लोक अश्विनला रोज दिसतात.)

तुमची गोष्ट अर्थातच वेगळी आहे. तुमच्या फोनला फुल्ल रेंज आहे आणि तुम्ही कोणाचाच फोन टाळत नाही. फक्त मघाशी एक फोन वाजला, तुम्ही नाव पाहिलं, "करू मग" म्हणून मोबाईल पालथा ठेवला आणि पुन्हा हे वाचायला घेतलंत, त्याचं काय करायचं तेवढं सांगा. दाखला तयार आहे, सही-शिक्क्यासकट. "कोणाला दाखवण्यासाठी" एवढा एकच रकाना तुम्ही भरायचा आहे. तिथे पूर्ण नाव लिहायची गरज नाही. निम्म्या लोकांनी नुसतं "आई" लिहिलं आहे.